गंगाजळी भरलेली दिसते, पण पाणी कुणाचं?

पत्र: मी टीवायबीएला आहे, विषय अर्थशास्त्र. ‘चालू आर्थिक प्रश्न आणि जागतिक विकास’ या पेपरसाठी चाळीस पानांचा प्रकल्प द्यायचा आहे. मी श्रीलंकेचं 2022 चं आर्थिक संकट घेतलं आणि कारणे, परिणाम, उपाय अशी तीन प्रकरणं पाडली. कारणांची यादी अकरावर गेली आहे: ईस्टरचे बॉम्बस्फोट, करोना, चीनचं कर्ज, सेंद्रिय शेती, घराणेशाही वगैरे. सरांनी वाचून एवढंच विचारलं, “यातलं नेमकं कारण कोणतं? आणि यात तुझं काय?” दोन्हीचं उत्तर देता आलं नाही. त्यात एकाच महिन्याच्या महागाईचे तीन वेगवेगळे आकडे सापडले आहेत. सहा आठवडे उरलेत. विषय बदलू का?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

विषय बदलू नकोस. शीर्षक मात्र बदल. ‘कारणे, परिणाम, उपाय’ या साच्यात काहीही बसतं, दुष्काळ बसतो, बेकारी बसते, श्रीलंकाही बसते. आणि सगळंच बसतं म्हणूनच त्यातून काही निघत नाही. अकरा कारणांची यादी चुकीची आहे असं नाही. ती यादी आहे, एवढीच तिची अडचण. कोणतं कारण आधी आलं, कोणतं नंतर, आणि कशामुळे किती डॉलर गेले हे तिच्यात कुठेच नाही. सरांचा प्रश्न तिथेच बोट ठेवतो.

श्रीलंकेचं संकट मुळात डॉलर संपण्याचं होतं. 12 एप्रिल 2022 रोजी त्या देशाने परकीय कर्जाची परतफेड थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि मे महिन्यात, कर्ज उभारायला बाजारात विकलेल्या रोख्यांवरचं व्याज वाढीव मुदतीतही भरलं गेलं नाही, तेव्हा 1948 नंतर पहिल्यांदा तो देश थकबाकीदार ठरला. म्हणून आधी डॉलर मोज. एक्सेलमध्ये एकच पान उघड. आडव्या ओळीत वर्षं, 2018 ते 2023. उभे रकाने सहा: वस्तूंची निर्यात, आयात, परदेशी काम करणाऱ्यांनी पाठवलेले पैसे, पर्यटनातून मिळकत, चालू खात्यातली तूट (बाहेरून येणारी कमाई आणि बाहेर जाणारा खर्च यांतला फरक) आणि वर्षअखेरची परकीय चलनाची गंगाजळी. सगळे आकडे श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेच्या वार्षिक अहवालाच्या सांख्यिकी परिशिष्टातून घे. 2023 पासून त्या अहवालाची जागा ‘वार्षिक आर्थिक आढावा’ने घेतली आहे, परिशिष्ट त्यातही आहे. एका रकान्यात दोन स्रोत कधीही मिसळू नकोस. निम्मे आकडे जागतिक बँकेचे आणि निम्मे कोलंबोचे असले की वळण दिसतं ते अर्थव्यवस्थेचं नसतं, व्याख्येचं असतं.

हे आकडे तक्त्यात येतील, सगळे अब्ज डॉलरमध्ये. पर्यटन: 2018 मध्ये 4.4, 2019 मध्ये 3.6, 2020 मध्ये 0.7, 2021 मध्ये 0.5, 2022 मध्ये 1.1. कामगारांनी पाठवलेले पैसे: 7.0, 6.7, 7.1, 5.5, 3.8. आयात: 22.2, 19.9, 16.1, 20.6, 18.3. निर्यात: 11.9, 11.9, 10.0, 12.5, 13.1. गंगाजळी: 6.9, 7.6, 5.7, 3.1, 1.9. हे शब्दशः उतरवू नकोस, स्वतः काढून ताडून पाहा. नंतरच्या अहवालात मागच्या वर्षांचे आकडे दशांशात सुधारलेले असतात. प्रत्येक रकान्याखाली अहवालाचं वर्ष, तक्त्याचा क्रमांक आणि आकडा उतरवल्याची तारीख लिही.

आता तक्त्याकडे शांतपणे बघ. 2019 मध्ये 21 एप्रिलला ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले. पर्यटक 23.3 लाखांवरून सुमारे 19 लाखांवर आले, पर्यटनाचे 0.8 अब्ज डॉलर गेले, घरी येणारे पैसेही थोडे घटले. तरीही त्याच वर्षी गंगाजळी 6.9 वरून 7.6 वर गेली. वाढली कशी?

तुझा प्रकल्प या प्रश्नापासून सुरू होतो.

उत्तर तुझ्या सहा रकान्यांत नाही, कारण ते चालू खात्यात नाहीच. श्रीलंकेने मार्च 2019 मध्ये 2.4 अब्ज आणि जूनमध्ये आणखी 2 अब्ज डॉलरचे आंतरराष्ट्रीय रोखे विकले होते. त्या वर्षी चालू खात्यात सुमारे 1.8 अब्जांची तूट होती, म्हणजे कमाईपेक्षा खर्च जास्तच. गंगाजळीत जे पाणी चढलं ते उसनं होतं. म्हणून सातवा रकाना काढ आणि त्याला ‘निव्वळ वित्तपुरवठा’ नाव दे. तो मोजायची सोपी रीत: गंगाजळीतला वर्षभराचा बदल वजा चालू खात्याची शिल्लक. 2019 साठी बदल अधिक 0.7, शिल्लक उणे 1.8, तेव्हा उत्तर अधिक 2.5. यात सोन्याच्या आणि इतर चलनांच्या किमतीतले बदल, आकडेवारीतल्या चुका, सगळं मिसळलेलं असतं; तळटीपेत तसं लिही. पण दिशा खरी असते.

2020 चं गणित याहून बोलकं आहे. करोनामुळे पर्यटन 2.9 अब्जांनी कोसळलं. पण त्याच वर्षी सरकारने गाड्यांसकट बऱ्याच वस्तूंची आयात रोखली, तेल स्वस्त होतं, त्यामुळे आयात 3.8 अब्जांनी घटली. कामगारांचे पैसे तर वाढले. परिणामी चालू खात्याची तूट 2019 पेक्षा लहान झाली, सुमारे 1.2 अब्ज. ‘करोनाने पर्यटन बुडवलं आणि म्हणून देश बुडाला’ हे वाक्य इथेच अडखळतं. गंगाजळी तरीही 1.9 अब्जांनी उतरली. बदल उणे 1.9, शिल्लक उणे 1.2, तेव्हा सातवा रकाना उणे 0.7. आदल्या वर्षी या वाटेने अडीच अब्ज आत येत होते, आता पाऊण अब्ज बाहेर चालले. ऑक्टोबर 2020 मध्ये मुदत संपलेल्या रोख्यांचे 1 अब्ज फेडले गेले आणि ते फेडायला नवे रोखे विकता आले नाहीत. जून 2019 नंतर 2023 पर्यंत त्या देशाने बाजारात नवे डॉलर रोखे विकले नाहीत.

2021 मध्ये सातवा रकाना पुन्हा अधिक दिसेल, सुमारे 0.8, आणि इथे बरेच जण फसतात. चालू खात्याची तूट 3.3 अब्ज होती, गंगाजळी मात्र अडीचनेच घटली, म्हणजे कुठून तरी पैसा आला. कुठून? चीनच्या मध्यवर्ती बँकेशी केलेल्या चलन अदलाबदलीचे (आपलं चलन देऊन ठराविक मुदतीसाठी त्यांचं घेणं) सुमारे दीड अब्ज, ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सगळ्याच सदस्य देशांना वाटलेल्या विशेष आहरण हक्कांतून (नाणेनिधीने दिलेली, डॉलरमध्ये बदलता येणारी राखीव ठेव) आलेले सुमारे 0.79 अब्ज, बांगलादेशने दिलेले 0.2 अब्ज. ते वगळून पाहिलंस तर रकाना दीड अब्जाहून अधिक उणे होतो. जुलै 2021 मध्ये आणखी 1 अब्जाचे रोखे फेडले होते, तेही आठव. चीनकडून आलेल्या रकमेच्या वापरावर अटी होत्या, म्हणून 2021 अखेरच्या 3.1 अब्जांपैकी निम्म्याच्या आसपास रक्कम मोजायला होती, वापरायला नव्हती. महिन्यांत मांडून दाखव: 2021 ची आयात 20.6, भागिले 12, म्हणजे दरमहा 1.7 अब्ज. 3.1 अब्ज पावणेदोन महिने पुरतील, 1.6 अब्ज एक महिनाही नाही. 2019 अखेरीस हाच हिशेब साडेचार महिन्यांचा होता.

एवढं झालं की अकरा कारणांचा गुंता बराच सुटतो, कारण आता प्रश्न एकच उरतो: 2019 पर्यंत रोखे घेणारा बाजार 2020 मध्ये का पाठ फिरवून बसला?

नोव्हेंबर 2019 च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर लगेच मूल्यवर्धित कर (व्हॅट) 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आणला गेला. नोंदणीची मर्यादा वर्षाला 1.2 कोटी रुपये उलाढालीवरून थेट 30 कोटींवर नेली. 2 टक्क्यांचा राष्ट्रउभारणी कर रद्द, पगारातून कापला जाणारा कर रद्द. करमहसूल जीडीपीच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होता तो आठच्या आसपास आला. 2020 मध्ये सरकारच्या एकूण महसुलातले सुमारे 70 टक्के नुसत्या व्याजात गेले. ज्याच्या शंभर रुपयांच्या मिळकतीतले सत्तर व्याजात जातात त्याला गावचा सावकारही दारात उभं करत नाही. पतमापन संस्था फिचने एप्रिल 2020 मध्ये दर्जा एक पायरी उतरवला आणि नोव्हेंबरमध्ये थेट सीसीसीवर, म्हणजे कर्ज बुडण्याचा धोका खराच आहे अशा पातळीवर नेला.

सर इथे हमखास विचारतील: “महसूल करोनामुळे घटला नाही कशावरून?” प्रश्न रास्त आहे आणि पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही. पण एक साधी पडताळणी करता येते. मूल्यवर्धित कराची वसुली 2019 मध्ये सुमारे 444 अब्ज श्रीलंकन रुपये होती, 2020 मध्ये सुमारे 234 अब्ज, म्हणजे 47 टक्के घट. दर 15 वरून 8 वर आला ही कपात 46.7 टक्क्यांची. खरेदीविक्री एका रुपयानेही कमी झाली नसती तरी वसुली जवळपास एवढीच घटली असती. अर्थात करोना होता, नोंदणीची मर्यादा बदलली होती, आयातीवरची वसुली वेगळी चालते. त्यामुळे ‘सगळी घट कपातीमुळे’ असं लिहू नकोस. ‘घटीचा आकार समजायला करोनाची गरज पडत नाही’ असं लिही. हे वाक्य तू बचावू शकतेस.

सेंद्रिय शेतीचं काय? रासायनिक खतांच्या आयातीवरची बंदी 2021 च्या एप्रिल-मेमधली, नोव्हेंबरमध्ये ती मागे घेतली. बंदी आली तोपर्यंत गंगाजळी 7.6 वरून खाली घरंगळत होती आणि रोखेबाजार वर्षभर बंद होता. खतबंदीने भाताचं पीक मारलं, तांदूळ आयात करावा लागला, चहाला फटका बसला, लोकांचे हाल वाढले. हे सगळं खरं. पण आजार आधीच जडला होता. उलट असं विचारून बघ: खतांवर जाणारे डॉलर वाचवण्याचा मोह हेही त्या बंदीमागचं एक कारण होतं का? तसं असेल तर ती संकटाचं कारण जेवढी आहे तेवढंच लक्षणही आहे. दोन बाजू मांड, निवाडा घाईने देऊ नकोस.

कामगारांच्या पैशांचा रकाना स्वतंत्र दोन पानं मागतो, आणि सरांच्या ‘यात तुझं काय’ला उत्तर द्यायला ही जागा उत्तम आहे. 7.1 वरून 5.5, मग 3.8. आखातातले कामगार घरी पैसे पाठवायचे थांबले का? नाही. बँकेत डॉलरचा दर 200 ते 203 श्रीलंकन रुपयांवर धरून ठेवला होता आणि बाहेर डॉलरला जास्त मिळत होतं. समज बाहेरचा भाव 240 आहे. 500 डॉलर बँकेतून पाठवले तर घरी 1,01,500 रुपये, बाहेरून पाठवले तर 1,20,000. साडेअठरा हजारांचा फरक कोण सोडेल? तिकडे या मार्गाला ‘उंडियल’ म्हणतात, आपल्याकडचा हवाला. पैसे पोचत होते, पण डॉलर बँकेच्या हिशेबात येत नव्हते. स्थिर ठेवलेला दर हा इथे डॉलर पळवून लावणारा दर ठरला. 7 मार्च 2022 ला तो सोडावा लागला.

आता त्या तीन आकड्यांविषयी. सप्टेंबर 2022 ची महागाई 69.8 टक्के, 73.7 टक्के आणि 94.9 टक्के, हेच तुझ्यासमोर असतील. तिन्ही बरोबर आहेत. पहिला कोलंबो ग्राहक किंमत निर्देशांकाचा, दुसरा राष्ट्रीय निर्देशांकाचा, तिसरा कोलंबो निर्देशांकातल्या फक्त अन्नपदार्थांचा. कोलंबोचा आकडा महिनाअखेरीस येतो, राष्ट्रीय जवळपास तीन आठवड्यांनी. बातम्यांत पहिलाच गाजतो. तू एक निवड, का निवडलास ते एका ओळीत सांग आणि शेवटपर्यंत तोच वापर. शिवाय 2023 च्या सुरुवातीला निर्देशांकाचं आधारवर्ष 2013 वरून 2021 केलं. जुन्या आणि नव्या मालिकेचे आकडे एकाच रेषेत जोडले तर आलेखात खोटी पायरी दिसेल.

याच जागी मराठी वर्तमानपत्रंही घसरतात, तेव्हा जपून. कोलंबोची महागाई सप्टेंबर 2023 मध्ये 1.3 टक्के झाली. ‘भाव उतरले’ असं लिहिलंस तर गुण गेले. सप्टेंबर 2021 मध्ये 100 रुपयांची पिशवी वर्षभराने 169.80 ची झाली, आणखी वर्षाने 172 ची. भाव चढण्याचा वेग मंदावला, भाव वरच राहिले. सप्टेंबर 2024 मध्ये दर उणे 0.5 झाला, तेव्हा ती पिशवी 171 वर आली. शंभरवर कधीच नाही.

रुपयाच्या घसरणीतही तसाच खड्डा आहे. डॉलर 200 वरून 360 झाला. डॉलर 80 टक्क्यांनी महागला, पण रुपया 80 टक्क्यांनी घसरला नाही. त्याची किंमत 44 टक्क्यांनी कमी झाली, कारण 200 भागिले 360 म्हणजे 0.556. दोन्ही वाक्यं खरी आहेत, मात्र कर्ता बदलला की टक्का बदलतो. आणि इथे ‘अवमूल्यन’ लिहू नकोस. सरकार ठरवून दर खाली आणतं ते अवमूल्यन, बाजारात सोडल्यावर होते ती घसरण. भारताने जुलै 1991 मध्ये दोन टप्प्यांत केलं ते अवमूल्यन.

जीडीपीबाबत तीन उत्तरं मिळतील आणि तिन्ही वेगवेगळ्या दिशेला तोंड करून उभी असतील. चालू किमतींना श्रीलंकेचा जीडीपी 2021 मध्ये 17.6 लाख कोटी रुपये होता, 2022 मध्ये सुमारे 24 लाख कोटी. वाढ! डॉलरमध्ये मोजला तर मोठी घट, कारण रुपया पडला. स्थिर किमतींना, म्हणजे महागाई वगळून, घट 7.3 टक्के. वाढीचा दर म्हणून फक्त शेवटचा चालतो. जुन्या लेखांत तो उणे 7.8 दिसेल, ती चूक नाही, पहिला अंदाज होता, पुढे सुधारला. आपल्याकडेही जानेवारी 2015 मध्ये आधारवर्ष 2004-05 वरून 2011-12 केलं तेव्हा 2013-14 चा वाढीचा दर 4.7 वरून 6.9 टक्के झाला होता.

एककांचंही बघ, चुका इथे लाजिरवाण्या होतात. बिलियन म्हणजे अब्ज, म्हणजे 100 कोटी. मिलियन म्हणजे 10 लाख. ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. श्रीलंकेचा रुपया वेगळा, तेव्हा नुसतं ‘रुपये’ कधीच लिहू नकोस. तिथलं आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. शेजारी ठेवायचं तर तिमाही आकड्यांतून जुळवून घ्यावं लागतं. आणि महसूल साडेअकरावरून आठवर येतो ती घट साडेतीन टक्क्यांची नव्हे, साडेतीन टक्केबिंदूंची आहे. टक्क्यांत ती तीस भरते.

चीनचं प्रकरण यादीतून काढू नकोस, पण जागेवर आण. हंबनटोटा बंदर 2017 मध्ये एका चिनी कंपनीला 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं, 1.12 अब्ज डॉलरला. ‘कर्ज फेडता आलं नाही म्हणून बंदर घेतलं’ असं सर्रास छापलं जातं. ते कर्ज त्या व्यवहाराने फिटलं नाही, तसंच चालू राहिलं. आलेले डॉलर गंगाजळीत गेले आणि इतर देणी भागवायला उपयोगी पडले. 2021 च्या सरकारी आकड्यांनुसार परकीय कर्जात बाजारातून घेतलेल्या कर्जाचा वाटा सुमारे 47 टक्के होता, चीनचा सुमारे 10. मात्र या दहात सरकारी महामंडळांनी घेतलेली चिनी कर्जं नव्हती. ती धरली तर वाटा विसाच्या जवळ जातो. दोन आकडे, दोन व्याख्या, दोन्ही दे. आणि कुणाचं किती याच्याइतकंच कोणत्या अटीवर हे महत्त्वाचं: रोख्यांची मुद्दल एकाच दिवशी पूर्ण द्यावी लागते, विकास बँकांची कर्जं वीस-पंचवीस वर्षं हप्त्याहप्त्याने फिटतात. 18 जानेवारी 2022 ला तळ दिसत असतानाही 50 कोटी डॉलरचे रोखे एकरकमी फेडले गेले. ते फेडावेत की नाही यावर तेव्हाच वाद झाला होता. ते डॉलर औषधांना आणि इंधनाला ठेवायला हवे होते असं म्हणणाऱ्यांचं पारडं आज जड वाटतं, पण तू दोन्ही बाजू मांड.

पेपरच्या नावात ‘जागतिक विकास’ आहे, तेव्हा एक प्रकरण त्यासाठी राखावं लागेल. जीवनमान आणि साक्षरतेची नेहमीची स्तुती तिथे भरू नकोस. हे घे: जागतिक बँकेने जुलै 2019 मध्ये श्रीलंकेला उच्च-मध्यम उत्पन्न गटात चढवलं आणि जुलै 2020 मध्ये पुन्हा निम्न-मध्यम गटात आणलं. हे गट दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावर ठरतात, त्यात कर्ज, करवसुली, गंगाजळी काहीच येत नाही. मानव विकास निर्देशांकातही येत नाही. म्हणून मुलं शाळेत आहेत, आयुर्मान चांगलं आहे, दरडोई उत्पन्न आपल्याहून जास्त आहे, आणि तरी पेट्रोलपंपावर दिवसदिवस रांगा, असं एकाच वेळी घडू शकतं.

अशा वर्गवाऱ्यांचा पुढे प्रत्यक्ष परिणामही झाला. गरीब देशांच्या कर्ज पुनर्रचनेसाठी जी-20 ची ‘समान चौकट’ आहे. झांबिया आणि घाना तिच्यातून गेले. श्रीलंका तिला पात्र असलेल्या देशांच्या यादीत नव्हती, म्हणून तिच्यात बसेना. मग भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या सहअध्यक्षतेखाली वेगळी धनको समिती उभी करावी लागली, चीन तिच्याबाहेर राहून स्वतंत्र बोलणी करत होता. समितीशी करार व्हायला 26 जून 2024 उजाडलं, रोखेधारकांशी अदलाबदल त्या वर्षाच्या डिसेंबरात झाली.

गरिबीचे आकडे देताना एक सावधगिरी. 2021 ते 2022 या एका वर्षात गरिबी 13.1 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर गेली असं जागतिक बँकेचं अनुमान आहे, पण ते दररोज 3.65 डॉलर या रेषेवरचं, 2017 च्या क्रयशक्ती समतेनुसार, म्हणजे देशादेशांतल्या किमतींचा फरक जुळवून. जून 2025 मध्ये बँकेने रेषा बदलल्या: अतिगरिबीची 2.15 वरून 3 डॉलर, आणि ही 3.65 ची 4.20. नव्या तक्त्यांत तुला 13.1 सापडणार नाही. रेषा आणि आधारवर्ष लिहिल्याशिवाय गरिबीचा आकडा देऊच नकोस.

‘उपाय’ हे प्रकरणही सातव्या रकान्यावरूनच लिही. 2022 अखेर 1.9 अब्ज असलेली गंगाजळी 2023 अखेर 4.4 झाली. नाणेनिधीचा सुमारे 3 अब्ज डॉलरचा, 48 महिन्यांचा कार्यक्रम 20 मार्च 2023 ला मंजूर झाला, पण तो हप्त्याहप्त्याने मिळणारा पैसा आहे. पर्यटक परतले, दर खुला झाल्यावर कामगारांचे पैसे बँकेच्या वाटेला लागून जवळपास 6 अब्ज झाले, चालू खात्यात चक्क शिल्लक पडली. आणि एक गोष्ट बहुतेक लेख विसरतात: या काळात परकीय कर्जाचा मोठा भाग फेडलाच जात नव्हता. गंगाजळी वाढण्यात सुधारणांचा वाटा किती आणि न भरलेल्या हप्त्यांचा किती, हे वेगळं काढून दाखवलंस तर ते निर्विवाद तुझं काम. 2022 च्या आयातीबाबतही असंच. भारताने त्या वर्षी सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत केली, तिच्यात इंधन आणि जीवनावश्यक वस्तूंसाठी पतरेषा, म्हणजे ठराविक रकमेपर्यंत उधारीवर माल घेण्याची सोय, होत्या. तो माल आयातीत दिसतो आणि कर्जातही. त्याला दुहेरी मोजणी समजून एक बाजू खोडू नकोस. ताळेबंदात दोन्ही बाजू लागतात.

भारताशी तुलना करायचीच असेल तर 1991 घे, आजचा भारत नको. आखाती युद्धाने तेल महागलं, कुवेतमधून येणारे पैसे थांबले, अनिवासी भारतीयांच्या ठेवी निघू लागल्या, आणि जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईहून जवळपास 47 टन सोनं बाहेर पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवलं. तोच सात रकान्यांचा तक्ता 1988-89 ते 1992-93 साठी भर. आकडे रिझर्व्ह बँकेच्या भारतीय अर्थव्यवस्थेवरील सांख्यिकी पुस्तिकेत मिळतील. भारत थकला नाही आणि श्रीलंका थकली, यामागे रोखेबाजाराचा वाटा किती, एवढाच प्रश्न विचार. आणखी एक मोह होईल, नाशिकच्या कांद्याचा. डिसेंबर 2023 मध्ये आपण निर्यात थांबवली आणि एप्रिल 2024 मध्ये श्रीलंकेला 10,000 टनांची मुभा दिली. विषय छान आहे, पण तो संकटानंतरचा आहे आणि दुसऱ्या प्रकल्पाचा आहे.

सहा आठवड्यांचं म्हणशील तर पहिले दोन फक्त तक्त्याला दे, आकडे दोनदा ताडून. तिसऱ्यात घटनांची तारीखवार यादी कर आणि प्रत्येक घटनेसमोर ती कोणत्या रकान्याला लागते ते लिही; जी कुठल्याच रकान्याला लागत नाही ती परिशिष्टात टाक. घराणेशाहीचं काय करायचं ते तुला तिथेच कळेल: ती करकपातीचा निर्णय कसा झाला या परिच्छेदात येते, स्वतंत्र कारण म्हणून नाही. चौथ्या-पाचव्यात लेखन. सहावा आठवडा मोकळा ठेव, छपाईवाला आणि वीज दोघंही तेव्हाच दगा देतात.

नवं शीर्षक ‘श्रीलंका 2018-2023: परकीय गंगाजळीतील कमाई आणि उसनवारी’ असं काहीतरी ठेव. सरांकडे दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळी पानं घेऊन जाऊ नकोस. एका कागदावर तक्ता ने, 2019 च्या 7.6 भोवती पेनाने गोल कर, आणि खाली तो एक प्रश्न लिही.